हातचा राखलेला गुण

असं समज, की तुझ्यासमोर चोवीस वह्या आहेत आणि हातात पेन आहे. वह्या तुझ्या नाहीत. दुसऱ्यांनी मान मोडून लिहिलेल्या आहेत. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर, वरच्या कोपऱ्यात, एक रिकामा चौकोन आहे आणि त्यात शंभरपैकी एक आकडा तुला लिहायचा आहे. शेजारी कुणी उभं नाही. घाई नाही. आता सांग बरं, चांगल्या कामाचा आकडा कोणता? पटकन, विचार न करता. आला ना मनात? तो तू ठरवलेला नाहीस. तो तुझ्या शाळेनं, तुझ्या घरानं, तुझ्याही आधी कुणीतरी ठरवून तुझ्या हातात ठेवलेला आहे, आणि तुला वाटतं तो हात तुझाच. ही गोष्ट ज्या मुलीची आहे तिच्या हातात होता पासष्ट. मुलगी म्हणजे बावीस वर्षांची होती, पण परक्या देशात एकटं राहायला लागलं की बाविशीतलं माणूसही पुन्हा लहान होतं. कुठलं दार ढकलायचं आणि कुठलं ओढायचं इथपासून शिकावं लागतं. तेव्हा आपण तिला मुलगीच म्हणू. घरी तिला सगळे मोठी म्हणत, कारण पाठीवर एक धाकटा होता.

स्वतः शिकता शिकता, फीमाफीच्या बदल्यात, ती पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रात्यक्षिकं शिकवायची. मंगळवारी सकाळी दहाच्या ठोक्याला मोठी प्रयोगशाळेत शिरली आणि तिला सात नंबरच्या मायक्रोस्कोपवरचं प्लास्टिकचं आवरण दिसलं. एवढंच. बाकी तेवीस आवरणं घडी घालून टेबलांच्या कडेला ठेवलेली होती, तेवीस डोकी भिंगांवर वाकली होती, आणि मधेच ते एक आवरण, जागच्या जागी, थोडी धूळ धरलेलं. तिथे बेकरीवाली बसायची. तिचं नाव हजेरीपटावर होतं, पण मोठीच्या मनात ती बेकरीवालीच होती, कारण पहाटेपासून ती स्टेशनमागच्या बेकरीत काम करायची आणि तिथून थेट वर्गात यायची. बाहीच्या शिवणीत पीठ असायचं, आणि ती शेजारून गेली की पावाच्या भाजक्या कवचाचा वास यायचा. वर्गातली बाकीची मुलं अठरा-एकोणीस वर्षांची. ही चाळिशी ओलांडलेली. पहिल्या दिवशी तिनं मोठीला "मॅडम" म्हटलं तेव्हा मोठी लाजून म्हणाली होती, "नावानं हाक मारा ना," आणि तिनं उत्तर दिलं होतं, "शिकवणाऱ्याला नावानं कसं? तुम्ही माझ्या मुलीएवढ्या असलात म्हणून काय झालं." आता तिचं स्टूल टेबलाखाली सरकवलेलं होतं. प्रयोगशाळा सांभाळणारे आजोबा काचपट्ट्यांचा खोका घेऊन आले तेव्हा मोठीनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "सात नंबर आज आली नाही?"

"सात नंबर गेली," आजोबा म्हणाले.

"गेली म्हणजे?"

"विषय सोडला. शुक्रवारीच. ऑफिसातून चिठ्ठी आली, मायक्रोस्कोप मोकळा झाला म्हणून. एका परीनं बरंच झालं, आठ नंबरची भिंगं पार धुरकटलीत. त्या पोराला हलवतो इकडे."

मोठीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. लहानपणी चूक सापडली की आधी कान तापायचे, मग मान. तिनं फळ्यावर तारीख लिहिली. मुलांना कांद्याचा पापुद्रा कसा सोलायचा ते दाखवलं. चिमट्यानं पापुद्रा धरला की तो काचेवर अलगद पसरायचा, सुरकुती पडू द्यायची नाही, मग एक थेंब पाणी, मग वरची काच तिरपी धरून हळूच सोडायची. हात काम करत होते. तोंड बोलत होतं. आणि आत कुणीतरी दोनच वार मोजत होतं: गुरुवारी वह्या परत दिल्या. शुक्रवारी ती गेली. गुरुवारी दिल्या. शुक्रवारी गेली.

त्या चोवीस वह्या तिनं ग्रंथालयात तपासल्या होत्या, दोन दुपारी, खिडकीपाशी बसून. प्राध्यापकांनी एवढंच सांगितलं होतं, "गुण शंभरपैकी. योग्य वाटतील तसे द्या." योग्य वाटतील तसे! केवढा विश्वास, असं तिला वाटलं होतं. तिचे बाबा शाळेत शास्त्र शिकवायचे. रविवारी घरातल्या सतरंजीवर वह्यांचे गठ्ठे पडायचे आणि मोठी शेजारी बसून बाबांचा हात बघायची. आकृतीला नावं देणाऱ्या रेषा पट्टीनं मारलेल्या हव्यात. त्या एकमेकींना छेदता कामा नयेत. बाणाचं टोक नको. पेन्सिल बोथट नको. प्रत्येक चुकीला अर्धा गुण, आणि अर्ध्या अर्ध्यानं वही कशी खाली यायची! साठाला पहिला वर्ग. साठाच्या वर गेलेली वही बाबा वेगळी काढून ठेवायचे आणि आईला दाखवायचे. "बघ, पोरगं हुशार आहे," म्हणायचे. पण वहीवर तसं कधी लिहायचे नाहीत. वहीवर लिहायचे, 'ठीक'. फारच झालं तर 'चांगले', तेही वर्षातून एखाददुसऱ्याला. आणि शेवटी एक गुण कमी करायचे. मोठीनं एकदा विचारलं होतं, "बाबा, याची चूक कुठे आहे?" तर म्हणाले, "चूक नाही गं. एक गुण हातचा राखावा. सगळं देऊन टाकलं की पोर डोक्यावर बसतं, पुढे चढत नाही." मोठी स्वतः पाचवीत असताना तिच्या जास्वंदीच्या आकृतीला बाबांनी दहापैकी सहा दिले होते आणि वही वर्गभर फिरवली होती, अशी काढायची असते आकृती म्हणून. ते सहा छातीवर लावून ती घरी आली होती. सहा म्हणजे केवढे हे तिला कुणी समजावून सांगावं लागलं नव्हतं.

म्हणून ग्रंथालयातल्या त्या खिडकीपाशी ती बाबांसारखीच बसली. पाठ ताठ, वह्यांचे दोन गठ्ठे, डावीकडे न तपासलेल्या, उजवीकडे तपासलेल्या. बेचाळीस. एकावन्न. अडतीस, याला समज द्यायला हवी. पंचावन्न. आणि मग बेकरीवालीची वही आली. आकृती अशी की बघत राहावी. पेशींच्या भिंती एका सलग रेषेत, कुठे गिरवलेलं नाही, केंद्रकं जिथे दिसली तिथेच काढलेली, पुस्तकात असतात तशी बरोब्बर मधोमध नाहीत. खाली निरीक्षणात तिनं लिहिलं होतं, 'दोन पेशींमध्ये हवेचा बुडबुडा होता, तो आधी मला पेशीच वाटला. पिठात असतो तसाच. मग काच किंचित दाबली तेव्हा सरकला, म्हणून कळलं.' मोठीला इतका आनंद झाला की तिनं ते वाक्य दोनदा वाचलं. असं कुणी लिहीत नाही; चुकलेलं कुणी सांगत नाही. तिनं चौकोनात पासष्ट लिहिले. सगळ्या गठ्ठ्यात सर्वांत जास्त. मग तिला दिसलं, की एक नावाची रेषा दुसरीला अगदी टोकाशी छेदून गेलीय, केसभर. तिनं पाचाचे चार केले. खाली लिहिलं, 'चांगले.' आणि वही उजवीकडे ठेवताना तिला वाटलं होतं की आपण एखाद्या बाईच्या ओटीत काहीतरी घालतो आहोत.

इथे पासष्टाला पास होतं. तेवढं एक तिला माहीत नव्हतं.

माहीत नव्हतं, हे तरी खरं का? मंगळवारी दुपारी, वर्ग संपल्यावर, रिकाम्या स्टुलांमधून फिरताना तिनं स्वतःला हे विचारलं आणि उत्तर द्यायची तिला भीती वाटली. कारण पहिल्या सत्रात तिला स्वतःला एक्क्याण्णव मिळाले होते. एक्क्याण्णव! तिनं त्याच मिनिटाला घरी फोन केला होता. आईनं शेजारपाजारी साखर वाटली, आणि बाबांनी दुसऱ्या दिवशी शाळेत फळ्याच्या कोपऱ्यात चौकट आखून तिचं नाव आणि तो आकडा लिहिला. आठवड्यानं विभागाच्या भिंतीवर कागद लागला, त्यात वर्गाची सरासरी होती: चौऱ्याण्णव. तिनं तो कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखे डोळे पुसत तिथून निघून गेली. पुढच्या फोनवर आईनं विचारलं, "तिथली मुलं काय म्हणतात गं तुला? जळत असतील," आणि मोठी म्हणाली, "नाही गं, चांगली आहेत सगळी." तेव्हापासून तो कागद तिनं मनात कुठेतरी उलटा ठेवून दिला होता. तो उलटा ठेवला नसता, एकदा नीट समोर धरून वाचला असता, तर वह्या तपासताना हात थांबला असता. पण मग एक्क्याण्णवही पुसावे लागले असते. एका लाजेवर झाकण म्हणून तिनं जे ठेवलं, त्याच्याखाली दुसरी माणसं चिरडली. आणि ती तर बाविशीची शहाणी, सगळ्यांना पापुद्रे सोलायला शिकवणारी.

सोमवारी प्राध्यापकांनी बोलावलं होतं तेव्हाही हे सगळं असं दिसलं नव्हतं. अकरा मुलांनी तक्रार केली होती. प्राध्यापक रागावले नाहीत. उलट हसले. "चोवीसच्या चोवीस नापास! माझ्या तीस वर्षांत असं कुणाला जमलं नाही," म्हणाले. "मीच सांगायला हवं होतं. तुमच्याकडे शून्यापासून वर चढतात, आमच्याकडे शंभरापासून खाली उतरतात. मी सरसकट तीस वाढवून टाकलेत. विसरून जा." ती विसरायला तयारच होती. खाली मान घालून ती बाहेर आली, जिन्यात थांबून तिनं दीर्घ श्वास घेतला आणि वाटलं, सुटले. सगळ्यांचं भरून निघालं. पोरं अकरा होती, त्यांनी एकमेकांच्या वह्या पाहिल्या, आरडाओरडा केला, जाऊन दार ठोठावलं. चाळीस वर्षांच्या बाईनं कुणाच्या वहीत डोकावायचं? ती आपली वही मिटून बेकरीत गेली असणार. गुरुवारी वही हातात दिल्यावर तिनं चौकोनाकडे पाहिलं, मग जरा खिडकीकडे वळून पाहिलं, आणि म्हणाली, "थँक्यू, मॅडम." तिचा आवाज घोगरा झाला होता. मोठीला वाटलं, गहिवरली. मोठी तिच्याकडे बघून हसलीसुद्धा होती! ते हसू आठवलं आणि मोठीनं रिकाम्या प्रयोगशाळेत, कुणी नसताना, दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात संध्याकाळी काका भेटले. काका म्हणजे कुणाचे काका नव्हेत. तिच्याच भाषेतला, तिच्याच विभागातला एक विद्यार्थी, प्रबंध लिहीत सात वर्षं तिथेच राहिल्यामुळे ज्याला सगळे काका म्हणत. "डोक्याचे केस पिकले, प्रबंध काही पिकेना," असं तो स्वतःच सांगायचा. त्यानं भांडं घासता घासता सगळं ऐकून घेतलं.

"प्राध्यापकानं निस्तरलं ना? मग संपलं."

"तिचं नाही निस्तरलं. ती आधीच गेली."

"परत येऊ शकते. सोडल्यापासून आठ दिवसांत परत घेता येतो विषय. येत्या शुक्रवारी पाचपर्यंत. फॉर्म आहे त्याचा."

"मग भर म्हणून सांगू तिला?"

"अगं मोठे, फॉर्म तिनं एकटीनं भरायचा नसतो. तपासणाऱ्याची चूक असेल तर तपासणाऱ्यानंही लिहून द्यायचं, की बाबा, माझी चूक. आणि तो कागद तुझ्या फायलीत जातो. पुढच्या वर्षी काम द्यायचं की नाही हे फाईल बघून ठरवतात, आणि काम नाही तर फीमाफी नाही. मग काय करशील? बाबांना सांगशील?" त्यानं नळ बंद केला. "प्राध्यापकानं तोंडी मिटवलं ते तुझ्यासाठीच. झाकली मूठ सव्वा लाखाची. एवढ्या मोठ्या बाईला एका आकड्यानं शिक्षण सोडायचं असेल तर ती आज नाही उद्या सोडणारच होती."

हे शेवटचं वाक्य मोठीला फार आवडलं, आणि आवडलं म्हणूनच ती रात्रीचं जेवण न करता खोलीत निघून गेली. ती त्या वाक्याला चिकटायला बघत होती. सोडणारच होती. पहाटे उठायचं, उभ्यानं काम, मग वर्ग. कोण किती दिवस करणार? पण पहिल्याच आठवड्यात, मायक्रोस्कोपची चकती कुठे फिरवायची ते न कळून, ती बाई ओशाळी होऊन म्हणाली होती, "मला जमेल ना हो हे? खरं सांगा. घरी मुलीला सांगितलंय, वर्षभर बघते, नाही जमलं तर सोडते." आणि मोठी म्हणाली होती, "जमेल. न जमायला काय झालं?" म्हणजे त्या बाईनं प्रश्न आधीच विचारून ठेवला होता. मोठीनं त्याला उत्तर दिलं, चौकोनात.

बुधवारी बाबांचा फोन आला. नेहमीसारखेच प्रश्न. जेवलीस का, झोप होते का. मग म्हणाले, "शिकवणं कसं चाललंय? हात सैल सोडू नकोस हो. तिथली पोरं लाडावलेली असणार."

"बाबा," ती म्हणाली, "इथे पासष्टाला पास असतं."

बाबा हिशेबात पक्के होते. त्यांना फार वेळ लागणार नाही हे तिला माहीत होतं. लहानपणी ती गणित सांगून त्यांच्या कपाळाकडे बघत बसायची. आता कपाळ दिसत नव्हतं, पण ते कसं झालं असेल हे दिसत होतं.

"मग एक्क्याण्णव म्हणजे?"

"बरे. वर्गात माझ्या खाली चारपाच जण होते."

"बरे," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "फळ्यावर आहेत ते अजून. कोपऱ्यात. पोरं रोज फळा पुसतात, तेवढी चौकट सोडून पुसतात."

"तू किती दिलेस? सगळ्यात वरच्याला?"

"चौसष्ट."

तिला वाटलं आता ते काहीतरी म्हणतील. रागावतील, किंवा हसतील, किंवा जे खरं ते सांगतील, की हे मी तुला शिकवलं. ती वाट बघत राहिली. कुठल्या तरी जुन्या वह्या ते मनातल्या मनात चाळत असावेत, इतका वेळ गेला.

"एक हातचा राखलास," ते हळूच म्हणाले.

"हो."

"आईला देतो," बाबा म्हणाले.

आईशी ती भाजीबद्दल, धाकट्याच्या सर्दीबद्दल बोलली. बाबांवर ढकलता येईल अशी एक जागा मनात होती, तीही आता बंद झाली होती. ज्या माणसानं उत्तर दिलं असतं तर त्याच्यावर रागावता आलं असतं, त्यानं फोन आईकडे देऊन टाकला होता. उरली ती आणि तिचा हात. गुरुवारी दुपारी ती स्टेशनमागे गेली. बेकरीची काच बाहेरून दिसली, आतला पिवळा दिवा, फडताळावर उभे रचलेले पाव, आणि पांढऱ्या टोपीत ती बाई, कुणाला तरी सुटे देताना हसणारी. हसतेय, मोठीला वाटलं. तिला बरं वाटतंय. मी जाऊन कशाला पुन्हा उकरून काढू? हा विचार इतका गोंडस, इतका दुसऱ्याच्या भल्याचा होता, की त्याच्या पोटात काय आहे ते तिला लगेच दिसलं. तरीही ती वळली आणि परत आली. वाटेत स्वतःच्या चपलांचा आवाज तिला नकोसा झाला होता. पळून जाणाऱ्याच्या चपला वाजतात, असं कुणी म्हणत नाही. पण त्या दिवशी वाजत होत्या.

शुक्रवारी अडीच वाजता ती आत गेली. पुढे चार माणसं होती. ती रांगेत उभी राहिली, कारण दुसरं कसं उभं राहायचं हे तिला कळेना. पुढचं माणूस सरकलं की ती सरके. गल्ल्यापाशी पोचली तेव्हा बेकरीवालीनं मान वर न करताच विचारलं, "काय देऊ?" आणि मग वर पाहिलं.

"या मॅडम," ती म्हणाली. तिचा चेहरा मिटल्यासारखा झाला. "कापून हवा का अख्खा?"

"माझं चुकलं," मोठी म्हणाली. ती वाक्यं पाठ करून आली होती. आधी पद्धत समजावून सांगायची, मग आकडे, मग फॉर्म. त्यातलं काहीच आलं नाही. "तुमची वही सगळ्यात चांगली होती. आमच्याकडे साठाला पहिला वर्ग असतो. मला माहीत नव्हतं इथे... म्हणजे माहीत करून घ्यायला हवं होतं. सगळे नापास झाले होते. सगळ्यांचे वाढवलेत आता. तुमचेही चौऱ्याण्णव झालेत, पण तुम्ही..."

मागे कुणीतरी खाकरलं. बेकरीवालीनं हातातला पाव परत फडताळावर ठेवला.

"पासष्ट होते," ती म्हणाली. "ते गिरवून चौसष्ट केलेत. मी घरी जाऊन उजेडात धरून बघितलं. पास केलं होतं आणि मग विचार बदलला. मी म्हटलं, काय दिसलं असेल हिला? एवढं काय दिसलं, की होती नव्हती ती पायरी काढून घेतली?"

"एक रेषा दुसरीला लागली होती."

"रेषा?"

"नाव द्यायची रेषा. टोकाशी."

बेकरीवाली ओरडेल असं मोठीला वाटलं, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ती नुसतीच बघत राहिली, ओव्हनमधून काढलेला पाव झाला की कच्चा हे बघावं तशी, आणि मग प्रथमच तिला एकेरीत म्हणाली, "पोरी, आठ दिवस मी मुलीला सांगतेय की बेकरीतल्या पाळ्या बदलल्या म्हणून सोडलं. तिला खोटं सांगितलं मी. नापास झाले म्हणायला जीभ रेटेना. एका रेषेपायी?"

"फॉर्म आणलाय," मोठी म्हणाली. "पाच वाजेपर्यंत ऑफिसात दिला तर सोमवारपासून वर्गात येता येईल. माझी चूक मी लिहून देते. तुमची एक सही लागेल."

"आणि पुन्हा तुझ्यासमोर येऊन बसू?"

एवढं ती धरून चालली नव्हती. आपण कबूल केलं की समोरचं माणूस मोकळं होतं, आणि त्याच्याबरोबर आपणही. असं काहीतरी तिच्या मनात होतं, लहान मुलाच्या मनात असतं तसं. बेकरीवालीनं तिच्यामागच्या माणसाकडे पाहून विचारलं, "काय देऊ?" आणि मग, पाव कागदात गुंडाळता गुंडाळता, कुणाकडेच न बघता म्हणाली, "मला विचार करू दे. आता सही मागू नकोस. एकदा घाईनं सोडलं, तेवढं पुरे. घाईनं धरायचंही नाही मला." मोठी बाजूला झाली. "मावशी," ती म्हणाली; हा शब्द आठवडाभर तिच्या तोंडाशी होता आणि आता निघाला तेव्हा अगदी चुकीच्या जागी निघाला. बेकरीवालीनं ऐकलं की नाही कळलं नाही. ती सुटे मोजत होती.

ऑफिसात ती पावणेपाचला पोचली. जिना चढताना तिनं तीनदा वळून पाहिलं. खिडकीमागचे कारकून खुर्चीच्या पाठीवरचा कोट अंगात घालत होते. त्यांनी फॉर्म उलटासुलटा करून पाहिला. "विद्यार्थिनीची सही?"

"नाही. ती करेल की नाही माहीत नाही."

"मग ती सोमवारी वर्गात बसू शकणार नाही."

"माझी एकटीची घेतली तर काय होतं?"

कारकुनांनी कोटाचं बटण लावायचं थांबवलं. असं आजवर कुणी विचारलं नसावं. "तिच्या नावावर विषय सोडल्याची नोंद आहे, ती निघते. पुढच्या वर्षी तिला वाटलं तर पहिल्यापासून घेता येईल, जणू सोडलाच नव्हता. तेवढंच. आणि तुमच्या नावावर चुकीची नोंद लागते, ती निघत नाही." ते जरा पुढे वाकले. त्यांना तिची कीव आली असावी. "अहो, ती आलीच नाही तर नुसतं तुमचंच नुकसान. घरी जा. विचार करा."

विचार चार दिवस करून झाला होता. चारही दिवस तो तिला कुठे घेऊन गेला ते तिनं पाहिलं होतं. तिनं खिडकीतून पेन मागून घेतलं. सहीच्या जागी सही केली. त्याखाली 'कारण' असं छापून दीड ओळीची जागा सोडली होती, तिथे ती थांबली, आणि तिला थांबलेलं पाहून कारकून म्हणाले, "नजरचूक लिहा. सगळे तेच लिहितात. कुणी विचारत नाही."

नजरचूक. शब्द छोटा होता, जागेत नेमका मावणारा. तिनं 'न' लिहिलासुद्धा. मग तिला ग्रंथालयातली ती खिडकी आठवली, दुपारचं ऊन, आपण ती वही किती जवळ धरली होती, ते बुडबुड्याचं वाक्य किती प्रेमानं दोनदा वाचलं होतं, आणि मग कसं डोळे बारीक करून, मुद्दाम शोधून, ती केसभराची रेषा पकडली होती. नजर कुठेच चुकली नव्हती. तिनं 'न'वर आडवी रेघ मारली. दीड ओळ पुरणार नव्हती म्हणून अक्षर लहान केलं, आणि कारकून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत असताना तिनं लिहिलं: 'काम उत्तम होतं. मी ते नीट पाहिलं होतं. पाहूनही कमी गुण दिले.'

मग तिनं कागद फिरवला, म्हणजे त्यांना सुलटा वाचता येईल, आणि खिडकीतून आत सरकवला.